वहिनींचे फाऊल

आयुष्यातला पहिला स्नूकरचा शॉट मी चुकले, आणि टाळ्या वाजल्या.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या मित्रानं स्नूकरचा हॉल काढला, त्या दिवशीची ही गोष्ट. खाली चष्म्याचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर तीन टेबलं. सत्यनारायण घातला होता. पूजा आटोपल्यावर मालकाला हौस आली. म्हणाला, "वहिनी मंडळींनी एकेक मारायचा हं!" बाकीच्या बायका हसल्या आणि क्यू, म्हणजे चेंडू मारायची ती लांब काठी, एकमेकींच्या हातात ढकलत राहिल्या. मी मारला. पांढऱ्यानं लाल चेंडू टेबलाच्या भोकात, म्हणजे पॉकेटात, पाडायचा असतो; माझा पांढरा लालला शिवलासुद्धा नाही, कडेच्या कुशनला आपटून स्वतःच पॉकेटात गेला. तर पंचवीस-तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. "वा वहिनी, वा!" कुणीतरी शिट्टीही मारली.

मी दहावीला भूमिती शिकवते, तिथून तीन गल्ल्या पलीकडच्या क्लासमध्ये. अठरा वर्षं झाली. कुणी चुकीची आकृती काढली तर मी टाळ्या वाजवत नाही, खडू फेकते. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या. शिऱ्याचा द्रोण तसाच ठेवून मी खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता एकटीच परत वर चढले.

सकाळची बॅच साडेबाराला सुटते, संध्याकाळची पाचला भरते. मधला वेळ माझा. दोन वर्षं मी तो त्या टेबलावर घातला. ओढणी कमरेला गुंडाळायची, चॉक लावायचा, वाकायचं. आणि वाकले रे वाकले की शिकवणारे हजर. राजारामपुरीत पत्ता विचारला तर तीन माणसं तीन दिशांना हात करतात, इथं तर न विचारता करायची. एक म्हणायचा, डावा डोळा झाका वहिनी. दुसरा म्हणायचा, पाय अजून लांब टाका. तिसरा कापडाचा दुकानदार, त्याला स्वतःला सरळ शॉट पडत नव्हता, तो म्हणायचा, "जोरात हाणा की! कोल्हापूरचं पाणी पिताय न्हवं?" मी जोरात हाणायचे. चेंडू पॉकेटाच्या ओठावर थडथड करून बाहेर यायचा. मग ते सगळे एका सुरात, "असू दे, असू दे. परत मारा."

हे "परत मारा" मला आधी कळलंच नाही. पांढरा पॉकेटात गेला, म्हणजे नियमानं फाऊल, पाळी दुसऱ्याची, तरी परत मारा. क्यू घसरला, परत मारा. खेळ आहे, सराव आहे, माणसं समजूतदार आहेत, असं मला वाटायचं. कधीकधी मी परत मारलाही. खोटं कशाला बोलू.

नेम का लागत नाही हे मला दीड वर्षानं कळलं, आणि तेही टेबलावर नाही, फळ्यासमोर. स्पर्शवर्तुळं शिकवत होते. दोन वर्तुळं बाहेरून एकमेकांना टेकली की त्यांच्या केंद्रांमधलं अंतर दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेइतकं असतं. हे प्रमेय मी दर वर्षी घोकून घेते. आकृती काढता काढता माझा हात थांबला. हॉलमधले सगळे मला सांगत होते, लाल चेंडूवर जिथं लागायला पाहिजे तिथं बघा आणि तिथंच मारा. मी इमानेइतबारे पांढऱ्याचं केंद्र त्या बिंदूकडं पाठवत होते. पण पांढऱ्यालाही जाडी आहे! त्याचं केंद्र त्या बिंदूपर्यंत पोचूच शकत नाही, अर्धा चेंडू आधीच तो लालला धडकतो, आणि धडकतो ते भलत्याच ठिकाणी. पॉकेटातून निघालेली रेघ लालमधून पुढं काढायची, आणि लालच्या कडेपासून अर्धा चेंडू बाहेर, त्याच रेघेवर, हवेत एक बिंदू धरायचा. पांढऱ्याचं केंद्र तिथं न्यायचं. इतकंच. अठरा वर्षं पोरांना शिकवलेलं प्रमेय माझ्याच डोक्यात शिरलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी खडू मोडला. पोरांना वाटलं, कुणाची तरी आता खैर नाही.

त्यानंतर चेंडू पडायला लागले. एका दुपारी मी ओळीनं सत्तावीस गुण केले. ब्रेक म्हणतात त्याला, न चुकता सलग केलेले गुण. हॉलभर जिलेबी वाटली मी. क्लासमध्ये सांगितलं, उचगावला भावाला फोन करून सांगितलं, त्याला स्नूकर म्हणजे काय ते माहीत नव्हतं तरी सांगितलं.

पण सत्तावीसच्या पुढं गाडी जाईना. आणि गंमत अशी की अवघड तिरके चेंडू पडायचे आणि शेंबडं पोर टाकेल असा सरळ चेंडू चुकायचा. सरळ! जिथं प्रमेय लागत नाही, कोन लागत नाही, काही लागत नाही. एकदा असा निळा चुकला आणि माझा ताबा सुटला. हॉलमध्ये तेव्हा मी आणि मार्कर, दोघंच होतो.

मार्कर म्हणजे टेबलाजवळ उभा राहून गुण सांगणारा, पडलेले रंगीत चेंडू परत जागेवर ठेवणारा माणूस. आमचे चाचा सत्तरीचे. जन्मभर एका जुन्या क्लबात मार्कर होते, तिथून सुटल्यावर मालकानं त्यांना इथं आणलं. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, एका हातावर पांढरा हातमोजा. दोन वर्षं हा माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्यावरच घसरले. "चाचा, तुम्हाला दिसतं की नाही? अख्खी राजारामपुरी मला शिकवते, तुम्ही तेवढे तोंडात मिठाची गुळणी धरून उभे!"

चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, मार्करनं इचारल्याबिगर बोलायचं नसतंय. आमची रीत हाय ती. चाळीस वर्सं पाळलीया."

"मग आता विचारते. माझं काय चुकतंय?"

"डोस्कं," चाचा म्हणाले. "क्यू बॉलला लागायच्या आधी तुमचं डोस्कं वर येतंय. डोस्कं आलं की खांदा येतोय, खांदा आला की क्यू वाकडा. तुम्ही बॉल बघतच न्हाई बाई. तुम्ही माणसं बघताय."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मारता मारताच मी वर बघायचे. कोण हसतंय, कोण "असू दे" म्हणणार आहे, ते. आत्ताही हॉल रिकामा होता आणि तरी मी वर पाहिलं होतं.

मग चाचांनी शिकवलं. सरबताची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, क्यूचं टोक बाटलीच्या तोंडात आत-बाहेर करा, काचेला लागता कामा नये. पहिले पंधरा दिवस नुसती टणटण. मूठ आवळली की लागायचं, ढिली सोडली की लागत नव्हतं. मी रागानं आवळायचे, ते म्हणायचे, "क्यूनं काय वाकडं केलंय तुमचं?" मग उभं राहणं. रेघ उभ्यानंच बघायची, तिच्यावर पाऊल टाकायचं आणि मग खाली जायचं. खाली गेल्यावर नेम चुकीचा वाटला तर वाकल्या वाकल्या दुरुस्त करायचा नाही, उठायचं आणि पहिल्यापासून. क्यू मागं न्यायचा, तिथं क्षणभर थांबायचं, मग सोडायचा. शेवटची नजर ज्या चेंडूला मारायचंय त्याच्यावर, पांढऱ्यावर नाही. आणि मारल्यावर हनुवटी क्यूवर तशीच. चाचा "उठा" म्हणेपर्यंत उठायचं नाही. कधी ते मुद्दाम चहाचा घोट घेऊन मग "उठा" म्हणायचे. मान आखडायची, तोंडात शिव्या यायच्या, पण चेंडू सरळ जायला लागला.

दिवाळीनंतर मालकानं हॉलची स्पर्धा लावली. मी नाव दिलं. मालक खूश. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला वीस गुण आधीच देतो. वीसपासनं सुरुवात."

"का? मला काय पोलिओ झालाय?"

"तसं न्हवं हो. घरचंच हाय की."

मी वीस गुण नको म्हणाले. मग चाचांना म्हणाले, "मॅचमध्ये माझे फाऊल कडक पुकारा बरं का. नियम तो नियम."

चाचा चॉकची भुकटी झटकत होते. हात थांबला. म्हणाले, "आधी मालकास्नी इचारा."

"मालकाचा काय संबंध?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुम्ही इचारलंय म्हणून सांगतो. वहिनींचे फाऊल पुकारायचे न्हाईत, असं मला पहिल्याच हप्त्यात सांगितलंय. तुमच्या मालकांनी म्हणं सांगितलं हितल्या मालकांना. तिला सांभाळून घे, लई चिडतीया."

माझ्या मालकांनी. म्हणजे नवऱ्यानं.

मी खुर्चीवर बसले. लहानपणी उचगावात भावाच्या खेळात मला घ्यायचे ते कच्चं लिंबू म्हणून. पळायचं, ओरडायचं, दमायचं सगळ्यांसारखंच, पण आऊट झाले तरी आऊट नाही आणि जिंकले तरी जिंकले नाही. तेव्हा मी सात वर्षांची होते. आता शेहेचाळिसाव्या वर्षी, चष्मा लागलेली, केस पिकलेली, दोन वर्षं मी तेच होते आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कापडाच्या दुकानदाराला माहीत होतं. मला तेवढं नव्हतं.

मग एक विचार आला. "चाचा, ते सत्तावीस?"

चाचा परत चॉकची भुकटी झटकायला लागले.

"चाचा, मी विचारतेय."

"चौथ्या शॉटला तुमची ओढणी निळ्याला लागलीती, कापड लागलं तरी फाऊलच," चाचा म्हणाले. "ब्रेक नऊचा हाय, बाई."

नऊ! नऊ गुणांवर मी जिलेबी वाटली होती. आणि ती खाल्ली होती त्या सगळ्यांनी, बोटं चाटून.

घरी नवरा वर्तमानपत्र वाचत होता. मी ते त्याच्या हातातून ओढलं. रागात माझी क्लासातली मराठी पळून जाते. "मी काय खुळी हाय व्हय? दोन वर्सं माझा तमाशा केलासा!" तो आधी गोंधळला, मग त्याला आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "अगं, तू हरलीस की जेवत नाहीस. पहिल्या आठवड्यात तू घरात कुकर आपटला होतास. मला वाटलं, खेळू दे हिला सुखानं." त्याला खरंच असं वाटलं होतं, हे जास्त वाईट. दुष्टपणानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. प्रेमानं केलेल्या अपमानाचं काय करायचं असतं? मी त्याला म्हणाले, चिडते तर चिडू दे. माझा राग माझा आहे, तो सांभाळायला तुला ठेवलेला नाही.

मग हॉलच्या मालकाकडं गेले. तो हसत सुटला. "वहिनी, किरकोळ गोष्ट हाय." मी म्हटलं, किरकोळ असेल तर सगळ्यांचेच फाऊल माफ करा. मग त्याचं हसू गेलं. "तसं कसं? मग मॅचला काय अर्थ ऱ्हाईल?" हेच, हेच मी म्हणत होते, आणि ते स्वतःच्या तोंडून बाहेर पडूनही त्या माणसाला ऐकू आलं नाही. शेवटी मी सांगितलं, माझे फाऊल पुकारणार नसाल तर खाली चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही स्पर्धा कशी चालते ते सांगेन. माझा आवाज किती लांब जातो हे त्याला माहीत होतं. "बरं बरं," तो म्हणाला. "चाचा, पुकारा बाबा."

रविवारी दुपारी माझी मॅच होती, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांशी. तीन फ्रेमची, म्हणजे तीन डावांची. पहिली त्यांनी घेतली, दुसरी मी. हॉल भरला होता. नवरा मागं भिंतीला टेकून उभा होता. "हाण की वहिनी!" चाललंच होतं. मी वर पाहिलं नाही. एकदाही नाही. हनुवटी क्यूवर, मूठ ढिली, मागं नेऊन थांबायचं, सोडायचं.

तिसऱ्या फ्रेममध्ये तीन चेंडू उरले, निळा, गुलाबी आणि काळा. डॉक्टर बावन्न, मी चव्वेचाळीस. निळा सरळ होता, तसलाच, जन्मभर मी चुकले तसला. पडला. एकोणपन्नास. आता सहाचा गुलाबी आणि मग सातचा काळा पडला की मॅच माझी.

पांढरा गुलाबी आणि काळ्याच्या मधे थांबला होता. काळ्याच्या वरून ओणवं होऊन मारायचं होतं. ओढणी तर मी घरीच ठेवून आले होते. उभ्यानं रेघ पाहिली. हवेतला बिंदू धरला. पाऊल टाकलं, खाली गेले. मागं, थांबा, सोडा. डोकं हललं नाही. गुलाबी मधल्या पॉकेटात पडल्याचा आवाज मी क्यूला हनुवटी टेकवूनच ऐकला, आणि हॉल दणाणला.

"फाऊल," चाचा म्हणाले. "सात."

मी ताडकन उठले आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "नाही लागला!"

"लागला, बाई." त्यांनी हातमोज्याच्या बोटानं माझ्या गळ्याकडं दाखवलं. मंगळसूत्र कुर्त्याबाहेर आलं होतं आणि वाटी लोंबत होती. ती काळ्याला टेकली होती. नवऱ्यानं दोन वर्षं केलं ते कमी पडलं होतं म्हणून की काय, आता त्याचं मंगळसूत्र! मला चाचांचा असा राग आला, असा राग आला, की तो क्यू मी त्यांच्या हातात मोडून दिला असता. फाऊलचे सात गुण डॉक्टरांना गेले, दहा गुणांची पिछाडी झाली होती. पडलेला गुलाबी परत जागेवर येणार होता, आणि पाळी डॉक्टरांची.

हॉलमध्ये कालवा झाला. मालक पुढं आला, "चाचा, कशाला वो? वाटी टेकली तर काय झालं!" कापडाचा दुकानदार म्हणाला, "बाईमाणसाच्या मंगळसूत्राचा फाऊल धरतंय व्हय कोण!" डॉक्टर तर बिचारे लाल झाले. "वहिनी, असू दे. परत मारा." मालकानं माझ्या नवऱ्याकडं पाहिलं, "सांग की रे तूच." नवरा म्हणाला, "मला विचारू नका. मार्कर आहेत ना तिथं." चाचा एकटे टेबलाजवळ उभे होते, हातात गुलाबी चेंडू. सत्तर वर्षांच्या माणसाला सगळा हॉल बोलत होता आणि तो एका जागेवरून हलला नव्हता.

मला परत मारायचा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण मला मारायचा होता. गुलाबी पुन्हा पडला असता, मला माहीत होतं ते. मी मंगळसूत्र कुर्त्यात टाकलं आणि ओरडले, "चाचा, गुलाबी जागेवर ठेवा! डॉक्टर, तुमची पाळी आहे. आणि मुद्दाम चुकलात तर मला कळेल, मी भूमिती शिकवते. दात उपटताना करता तसं नीट करा!"

डॉक्टरांनी चॉक लावला. दोनदा वाकले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा मारला. गुलाबी पडला. आता नुसत्या काळ्याच्या सात गुणांवर मला गाठता येणार नव्हतं. फ्रेम संपली, मॅच संपली. डॉक्टरांनी हात पुढं केला, मी तो दाबला, जरा जास्तच जोरात.

चाचा गुणफलकाकडं गेले. काटे सरकवले आणि मार्कर पुकारतात तसं मोठ्यानं, भिंतीकडं बघत पुकारलं, "डॉक्टर पासष्ट. बाई एकोणपन्नास."

मी त्यांच्याजवळ गेले. राग अजून उतरला नव्हता. विचारलं, "चाचा, ह्या एकोणपन्नासमधले खोटे किती?"

"एकबी न्हाई," चाचा म्हणाले. "मी मोजलेत."

मी तिथल्याच खुर्चीत बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. हरले म्हणून रडले, रागानं रडले, आणि कुणी "असू दे" म्हणालं नाही.